मधला कोण? ‘विकेंद्रित’ संदेशवहनाची पार्श्वभूमी

ठाण्यात पीअर-टू-पीअर (मध्ये सर्व्हर न ठेवता संगणकांनी थेट एकमेकांशी बोलणं) हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नव्हता, तेव्हाच ती गोष्ट गच्चीवरून घरात उतरली होती. ब्रॉडबँड स्वस्त होण्याआधी केबलवाला एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर कॅट-फाइव्हची वायर ओढायचा. ही वायर १०० मीटरच्या पुढे गेली की सिग्नल ढासळतो, म्हणून अधेमधे एखाद्या जिन्यात किंवा पाण्याच्या टाकीखाली स्विच बसवलेला असे. पावसात जोडणीच्या पिनांवर गंज चढायचा आणि नेट ‘येतंय-जातंय’ व्हायचं. बाहेरच्या इंटरनेटचा वेग ६४ किंवा १२८ केबीपीएस, आतल्या लॅनचा, म्हणजे इमारतींना जोडणाऱ्या या स्थानिक जाळ्याचा, मात्र १०० एमबीपीएस. त्यामुळे शेजारच्या विंगमधल्या संगणकातली फाइल मिनिटभरात मिळे आणि तीच फाइल परदेशातल्या सर्व्हरवरून घ्यायला रात्र जाई.

या लॅनवर डीसी++ हा फायली वाटून घेण्याचा प्रोग्राम चालत असे. शोध आणि गप्पा हबमधून, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या मधल्या सर्व्हरमधून, फाइल मात्र थेट एका संगणकातून दुसऱ्यात. हब बंद पडला की शोध थांबे, सुरू असलेली कॉपी तशीच पुढे चाले. दुसरी अडचण होती ‘पॅसिव्ह’ मोडची. फायरवॉलमागचा माणूस स्वतः बाहेर जोडणी करू शके, पण त्याच्याकडे बाहेरून कुणी येऊ शकत नसे. दोन्ही टोकं पॅसिव्ह असली की फाइल हलायचीच नाही. दोघंही दार लावून समोरच्याची वाट बघत बसलेले! पुढच्या वीस वर्षांतल्या बहुतेक अडचणींची मुळं या दोन गोष्टींत आहेत: कुणाकडे काय आहे याची यादी कुणाकडे, आणि दार कोण उघडणार.

जगभर हेच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आले. १९९९च्या नॅपस्टर या गाणी वाटून घेण्याच्या सेवेत फायली लोकांच्या संगणकांत होत्या, यादी मात्र एकाच कंपनीच्या सर्व्हरवर. २००१मध्ये न्यायालयाचा बडगा त्या यादीवर पडला आणि सगळं थांबलं. २००० साली आलेल्या फ्रीनेटने फायलींचे कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारे) तुकडे अनोळखी लोकांच्या डिस्कवर विखुरले. आपण काय सांभाळतोय हे सांभाळणाऱ्यालाही कळत नसे. २००२च्या कॅडेमलिया पद्धतीने यादीच वाटून टाकली. प्रत्येक संगणकाला १६० बिटांचा क्रमांक, आणि प्रत्येकाकडे यादीचा छोटासा भाग. तरी नव्याने येणाऱ्याला पहिला एखादा पत्ता ठाऊक असावाच लागतो. हे सुरुवातीचे पत्ते अ‍ॅपमध्येच लिहिलेले असतात. ते अडवले तर जुने लोक एकमेकांना सापडत राहतात, नवा माणूस बाहेरच राहतो.

यात एक गल्लत तेव्हापासून आजवर टिकून आहे. अडवायला कठीण असणं वेगळं आणि खाजगी असणं वेगळं. लोकांच्या संगणकांतून थेट फायली घेण्याची बिटटोरेंट ही पद्धत अडवायला कठीण, पण एखादी फाइल घेणाऱ्या सगळ्यांचे आयपी पत्ते त्या घोळक्यातल्या कुणालाही दिसतात. थेट जोडणी म्हणजे समोरच्याला आपला पत्ता देणंच. तो लपवायचा तर मध्ये कुणीतरी हवा. टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यात असे तीन रिले, म्हणजे वाहतूक पुढे ढकलणारे मधले संगणक, असतात. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, शेवटच्याला तुम्ही कुठे निघालात ते कळतं, दोन्ही गोष्टी एकाला कळत नाहीत. पण रिलेंची यादी मोजक्या विश्वासू सर्व्हरांच्या सहीनेच निघते.

म्हणूनच ‘विकेंद्रित’ या शब्दापाशी थांबायला हवं. तो तीन अगदी वेगळ्या रचनांना सरसकट लावला जातो. पहिली संघीय, म्हणजे एलिमेंट हे मेसेजिंग अ‍ॅप ज्यावर चालतं ती मॅट्रिक्स प्रणाली: सर्व्हर आहेत, पण अनेक, आणि कुणीही आपला उभा करू शकतो. इथे संभाषणाची प्रत सहभागी सदस्यांच्या प्रत्येक सर्व्हरवर राहते. मजकूर कूटबद्ध असला तरी कोण कोणत्या खोलीत आहे हे सर्व्हर चालवणाऱ्याला दिसतं. दुसरी रिलेवाली, टॉरसारखी. तिसरी खरीखुरी पीअर-टू-पीअर, ब्रायर या अ‍ॅपसारखी: निरोप फक्त दोघांच्या फोनांत, वाहतूक ब्लूटूथ, वायफाय किंवा टॉरवरून. पहिल्या रचनेत नोटीस पाठवायला पत्ता असतो. तिसरीत तो नसतोच.

मे २०२३मध्ये हा फरक देशात कळीचा ठरला. केंद्राने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या, अशी सेवा अडवण्याचा अधिकार देणाऱ्या, कलम ६९अ खाली १४ मेसेजिंग अ‍ॅप अडवल्याची बातमी आली. काश्मीरमधल्या दहशतवाद्यांनी ती वापरली आणि त्यांच्या कंपन्यांचे भारतात प्रतिनिधी नाहीत, अशी कारणं बातम्यांत होती. यादीत एलिमेंट होतं, ब्रायर होतं, आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं, पूर्ण केंद्रित थ्रीमाही होतं. सुरक्षेची चिंता खरी आहे. पण कायद्याचा शब्द आहे ‘मध्यस्थ’. २०२१च्या नियमांनी ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मध्यस्थाकडे निरोपाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची मागणी केली, तीही मध्ये एक कंपनी बसली आहे हे गृहीत धरून. ब्रायरमध्ये मध्यस्थ नाही. आहे तो सगळ्यांना खुला असलेला सोर्स कोड. त्याला प्रतिनिधी नेमायला सांगणं म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकावर समन्स काढण्यासारखं आहे. मॅट्रिक्सवर तर फ्रान्सच्या सरकारने २०१९पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सेवा चालवली आहे. असे आदेश नियमानेच गोपनीय असतात. त्यामुळे रचनांमधला हा फरक विचारात घेतला गेला का, हे नागरिकाला तपासता येत नाही. या निर्णयातली सर्वांत खटकणारी बाब हीच आहे.

इकडे घरातली अडचण वेगळीच. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पद्धतीतले पत्ते संपत आल्यावर अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवू लागल्या. याला सीजीनॅट म्हणतात. तपासायचं असेल तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा आयपी ताडून बघा. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, आणि राउटरवर पोर्ट (बाहेरच्यांना आत येण्याचं दार) उघडून काहीही होणार नाही. मग थेट बोलू पाहणारे दोन्ही फोन बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला आपापला बाहेरचा पत्ता विचारतात आणि एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट सोडतात. नॅट, म्हणजे एक पत्ता अनेकांत वाटणारी ही यंत्रणा, जर प्रत्येक जोडणीला नवा पोर्ट देणारा असेल तर हेही फसतं आणि वाहतूक रिलेवरून जाते. डीसी++चा पॅसिव्ह मोड हाच, आता अख्ख्या शहराला लागू झालेला. भरपूर पत्ते असलेल्या नव्या आयपीव्ही६ने हे बरंच सुटतं, राउटरची फायरवॉल आड आली नाही तर. तोवर हे रिले बहुधा डेटासेंटरांत राहणार. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे इथल्या डेटासेंटरांच्या भिंतींलगत राहणाऱ्यांचाही शेजारच्या विंगला पाठवलेला निरोप कुठल्यातरी रॅकला वळसा घालून येऊ शकतो.

इंटरनेटच गेलं तर? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मोबाइल कोलमडले आणि ठाणे-कल्याणकडची कितीतरी माणसं घरच्यांचा पत्ता लागत नाही म्हणून रात्रभर तळमळली. फोन-टू-फोन जाळ्याची गरज इथे आंदोलकांपुरती उरत नाही. पण अशा सगळ्या अ‍ॅपवर सारखा भरवसा ठेवू नये. २०१४मध्ये हाँगकाँगमध्ये गाजलेल्या फायरचॅटचे निरोप सगळ्यांना दिसत. ब्रिजफायच्या कूटबद्धतेतली भगदाडं २०२०मध्ये उघड झाली. २०२५चं बिटचॅट ब्लूटूथवर निरोप जास्तीत जास्त सात टप्पे पुढे नेतं. ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर, आणि आरसीसी स्लॅबमधून त्याहून बराच कमी. मधल्या मजल्यांवर कुणाकडेच अ‍ॅप नसेल तर तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर काहीच पोचत नाही. ब्रायर खाजगी निरोप तिसऱ्याच्या फोनमधून नेतच नाही; फोरमवरचा (सामूहिक चर्चेतला) मजकूर मात्र सदस्यांच्या फोनांतून पुढे सरकतो, म्हणजे ए विंगमधून बी विंगमध्ये गेलेला सदस्य तो सोबत घेऊन जातो.

ब्रायरमध्ये दोघंही एकाच वेळी ऑनलाइन लागतात. त्यावर उपाय म्हणून मेलबॉक्स हे जोड-अ‍ॅप निघालं: जुना अँड्रॉइड फोन घरी चार्जरला लावून ठेवायचा, त्यावरचा क्यूआर मुख्य फोनने स्कॅन करायचा, आणि जुन्या फोनची बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करायची. ती विसरली तर रात्री फोन अ‍ॅपला झोपवतो आणि सकाळपर्यंत निरोप पाठवणाऱ्याकडेच अडकून राहतात. मेलबॉक्सपर्यंत पोचायचं ते टॉरवरून, त्यामुळे इंटरनेट तुटलं की तेही गप्प, आणि उरतात ते फक्त घरातलं वायफाय आणि शेजारच्या खोलीपर्यंत पोचणारा ब्लूटूथ.