रिव्हर्स टाकला, आणि एक… दोन… अडीच

डिसेंबरातल्या एका सकाळी नाशिकला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी काढत होतो. बारा वर्षं जुनी ऑटोमॅटिक सेदान. लिव्हर ‘पी’वरून ‘आर’वर ओढला, ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी जागची हलेना. एक, दोन, अडीच… आणि मग धप्प! समोरून कुणी ढुशी मारावी तशी गाडी मागे गेली. संध्याकाळी ऑफिसातून निघताना मात्र हीच गाडी शहाण्यासारखी वागली.

पहिल्या गॅरेजमध्ये लिव्हर दोनदा मागे-पुढे झाला आणि निकाल लागला : “गिअरबॉक्स गेला, साहेब.” खर्चाचा आकडा गाडीच्या निम्म्या किमतीएवढा होता. गेलेला गिअरबॉक्स रोज संध्याकाळी परत कुठून येतो, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

मॅन्युअल गाडीत आपण हाताने गिअर टाकतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकमध्ये दातेरी चाकं कायमच एकमेकांत अडकलेली असतात. त्यातलं कुठलं चाक धरून ठेवायचं आणि कुठलं मोकळं सोडायचं, यावर गिअर ठरतो. हे धरण्याचं काम क्लचच्या पातळ चकत्या करतात. त्यांच्यामागे पिस्टन असतो, पिस्टनच्या कडेला रबरी सील आणि पिस्टनमागे तेल. लिव्हर हलला की पंपाचं तेल त्या पोकळीत शिरतं, ती भरते, दाब चढतो आणि चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात. म्हणजे गिअर उशिरा पडतो तेव्हा बहुतेकदा दात झिजलेले नसतात, पोकळी उशिरा भरलेली असते.

चौथ्या मजल्यावर पाणी उशिरा चढायला लागलं की प्लंबर काय बघतो? टाकीत पाणी आहे का, पंप नीट ओढतो का, पाइप मध्ये कुठे गळतोय का, कॉक पूर्ण उघडतो का. गिअरबॉक्समध्येही याच चार जागा असतात : तळाच्या पॅनमधलं तेल आणि त्याचं फिल्टर, पंप, सील, आणि वॉल्व्ह बॉडीतले (तेलाला वाट देणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यातले) सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे कॉक. फक्त इथे पाइप उघडे दिसत नाहीत.

म्हणून विचारायचा पहिला प्रश्न : उशीर थंड असताना होतो की गरम झाल्यावर? 40 अंशांवरचं तेल 100 अंशांवर गेलं की चार-पाच पट पातळ होतं. गार गाडी अडखळत असेल आणि तापल्यावर सुधारत असेल, तर संशय कडक झालेल्या रबरी सीलवर किंवा कमी पडलेल्या तेलावर. रबर तापलं की मऊ पडतं आणि कडेला घट्ट बसतं. तेल तापलं की फुगतं आणि पॅनमधली पातळी वर येते. उलट सकाळी ठणठणीत आणि तासाभराच्या ट्रॅफिकनंतर आळशी, असं असेल तर प्रकरण जास्त गंभीर. पंप किंवा सील झिजलेले असतात, आणि घट्ट तेल ज्या फटीतून जात नव्हतं तिथून पातळ तेल निसटायला लागतं. गॅरेजवाल्याने हे विचारलंच नाही, तर आपणहून सांगावं.

दुसरा प्रश्न : किती उशीर? टोयोटाच्या दुरुस्ती-पुस्तिकांत यासाठी सोपी चाचणी असते. तेल 50 ते 80 अंशांवर आणायचं, हँडब्रेक ओढून ब्रेक दाबून ठेवायचा, ‘एन’वरून (न्यूट्रल) ‘डी’वर (पुढचा गिअर) आणि तसंच ‘एन’वरून ‘आर’वर जायचं आणि हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोजायचा. मध्ये एकेक मिनिट सोडून तीनदा मोजून सरासरी काढायची. ती ‘डी’ला 1.2 सेकंदांच्या आत हवी, ‘आर’ला 1.5 सेकंदांच्या आत. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर माझा रिव्हर्स गरम असताना 1.4 आला, सकाळी गार असताना अडीच.

गाडी हलत नाही म्हणून त्या मधल्या वेळात अॅक्सिलरेटर दाबण्याचा मोह होतो. तो आवरायचाच. दाब अपुरा असताना चकत्या घसरत असतात. त्यात इंजिनाचे फेरे वाढवले की त्या जळतात. काढायला गेलो तेल आणि जाळून आलो क्लच, अशी गत.

दुसऱ्या गॅरेजच्या फोरमनने आधी स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड एकही नव्हता, म्हणजे सोलेनॉइडच्या वायरिंगबद्दल संगणकाची तक्रार नव्हती. अडकलेला वॉल्व्ह किंवा म्हातारं सील मात्र त्याला दरवेळी कळेलच असं नाही. मग गरम इंजिन चालू ठेवून त्याने डिपस्टिक काढली. (सगळ्या गाड्यांत ती नसते, आणि काहींत इंजिन बंद करून बघायचं असतं.) पातळी खालच्या खुणेच्याही खाली. पांढऱ्या कापडावर टिपलं तर नव्या तेलाचा लालभडकपणा जाऊन कोऱ्या चहाचा रंग आलेला. त्याने वास घेतला, मलाही घ्यायला लावला. करपट नव्हता. “मग वाचलात,” तो म्हणाला. तेल दुधाळ गुलाबी असतं तर रेडिएटरमधलं पाणी आत शिरलं असा अर्थ झाला असता.

गळती सापडली ती रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या होजच्या क्लॅम्पपाशी. पॅन उतरवलं, तळाच्या चुंबकावर काळपट मलम होतं. एवढं असायचंच, चमकते तुकडे दिसले की घाबरायचं. होज, क्लॅम्प, फिल्टर बदललं आणि कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं तेल भरलं. “लाल ते सगळं सारखंच” म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये. घर्षण किती असावं हे तेलातली रसायनं ठरवतात, आणि ती सगळ्या गिअरबॉक्ससाठी सारखी नसतात. पॅनमधून निम्मंच तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून महिन्याभराने पुन्हा एकदा बदललं.

चालत्या गाडीत पुढचा गिअर उशिरा पडणं ही थोडी वेगळी गोष्ट. तिथे वेगाचा किंवा थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) सेन्सर चुकीचं सांगत असू शकतो. थंडीत पहिल्या काही मिनिटांत इंजिन लवकर तापावं म्हणून कित्येक गाड्या मुद्दामच गिअर उशिरा बदलतात. आणि एएमटीत (ऑटोमेटेड मॅन्युअल) गिअर बदलताना येणारी ती डुलकी? तो मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, यंत्र आपल्याऐवजी क्लच दाबतं. तेवढा थांबा ठरलेलाच.

माझ्या गाडीचा सकाळचा आकडा आता 1.6 आहे. उरलेला उशीर बारा वर्षांच्या रबराचा, असं फोरमनचं मत. सील बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल. गरम झाल्यावर सगळं मर्यादेत असल्याने मी नको म्हटलं. रिव्हर्स टाकतो, ब्रेकवर पाय तसाच ठेवतो. एक… आणि थोडंसं. तेवढ्यात सीटबेल्ट लावून होतो.