गोव्यात पंचायतीच्या कचरा यादीत नाव कसं घालायचं: घर, भाड्याचा फ्लॅट, सोसायटी आणि घरचं लग्न

गावात नवीन फ्लॅट घेतला किंवा भाड्याने खोली घेतली की माणूस वीज, पाणी, गॅस, वायफाय सगळं बघतो पण कचऱ्याचं विचारायचं राहून जातं, आणि मग आठ दिवसांनी पिशवीला गाठ मारून ती रस्त्याच्या वळणावर ठेवली जाते. एकाने ठेवली की तिथे दहा येतात. पाऊस आला की ते सगळं व्हाळात.

यात नुसता माणसांचा आळस नाहीये. पंचायत कचऱ्याचं प्लॅनिंग करते म्हणजे गाडी किती फेऱ्या मारणार, कामगार किती, शेड केवढी, बजेट किती, आणि हे सगळं ठरवताना समोर असतं घरपट्टीचं रजिस्टर. आता गोव्यात काय होतं, कागदावर घर बंद कारण मालक मुंबईला नाहीतर परदेशात, आणि प्रत्यक्षात तिथे सहा भाडेकरू राहतात. किंवा फ्लॅट वीकेंडला पर्यटकांना देतात आणि रविवारी संध्याकाळी चार पिशव्या बाटल्या निघतात. या माणसांचा कचरा प्लॅनमध्ये कुठेच धरलेला नसतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, आधी कागदावर या. गाडी येत नाही म्हणून ओरडण्याआधी तुमचं घर पंचायतीच्या कचरा उचलण्याच्या यादीत आहे का बघा.

जबाबदारी कोणाची ते आधी क्लिअर करू. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, त्याशिवाय नगरपालिका आणि पणजीची महानगरपालिका. घरोघरी जाऊन वेगवेगळा केलेला कचरा उचलणं हे यांचं काम आहे, उपकार नाहीत. पुढची प्रक्रिया मोठ्या प्रमाणात गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाकडे. उत्तरेकडे साळगावचा प्रकल्प, दक्षिणेकडे काकोड्याचा, तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत होतं. सुका कचरा पंचायतीच्या एमआरएफ शेडमध्ये, म्हणजे कचरा निवडून वेगळा करायच्या जागेत, निवडतात, ज्याचं काहीच होत नाही ते दाबून गठ्ठे करून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जाळायला पाठवतात. प्रत्येक पंचायतीला शेड पाहिजे यासाठी हायकोर्टाला मागे लागावं लागलं, तरी अजून जागेवरून वाद चालूच असतात.

आता अर्ज. कोण करू शकतो? जो तिथे राहतो किंवा धंदा करतो तो. घर स्वतःचंच पाहिजे असं काही नाही, कचरा करणाऱ्याने तो वेगळा करून द्यायचा असं नियम सांगतो, त्यामुळे भाडेकरूने आपण होऊन अर्ज दिला तर पंचायतीच्या सचिवाने घ्यायला पाहिजे. पालिकेत असाल तर हाच अर्ज मुख्याधिकाऱ्याच्या नावाने, पणजीत आयुक्तांच्या नावाने.

छापील फॉर्म असेल तर तो भरा, पण खूप ठिकाणी नसतोच, साध्या कागदावर लिहून दिलं तरी चालतं. मराठीत लिहा, कोकणीत लिहा. त्यात घर नंबर, वाडा, राहणारी माणसं किती, मोबाईल नंबर आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते हे नक्की लिहा. हे शेवटचं लोक लिहीत नाहीत आणि तिथेच घोळ होतो, वाट अरुंद असेल तर गाडी आत येणार नाही, मग कुठल्या घराकडे ठेवायचं ते आधी ठरलेलं बरं.

कागदपत्रं स्वतःच्या घराला फार नाहीत: घरपट्टीची चालू पावती, वीजबिल, आधारची झेरॉक्स. घरपट्टी थकलेली असेल तर ती आधी भरून टाका, नाहीतर सगळं बोलणं तिकडेच वळतं. भाडेकरू असाल तर लीव्ह अँड लायसन्सची प्रत, पोलिस स्टेशनात भाडेकरूचा फॉर्म दिलेला असेल त्याची झेरॉक्स आणि शक्य असेल तर मालकाची दोन ओळींची चिठ्ठी. मालक चिठ्ठी देत नाही असं होतं, कारण भाडेकरू ठेवलेत हे पंचायतीला कळू नये असं काहींना वाटतं. तेव्हा वीजबिल जोडा आणि तेच अर्जात लिहा. दुकान, गाडा, खानावळ असेल तर पंचायतीचं ट्रेड लायसन्स. खोल्या पर्यटकांना देत असाल तर पर्यटन खात्याचं रजिस्ट्रेशन मुळातच लागतं, त्याची प्रत जोडा आणि घर म्हणून नाही तर धंदा म्हणून नोंद करा. फी थोडी जास्त लागेल पण ती रास्त आहे. फी किती ते पंचायत ठरवते, प्रत्येक ठिकाणी वेगळी, पैसे दिले की पावती मागून घ्या.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक ते ठेवतात, दुसरीवर इनवर्ड नंबर म्हणजे आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घालून तुम्हाला परत देतात. तो शिक्का नीट उमटलाय ना ते काउंटरवरच बघा, कारण पुढे काहीही करायचं झालं तर तोच नंबर विचारतात. "पंचांना सांगितलंय, होऊन जाईल" यावर भिस्त ठेवू नका. पंच चांगले असतील, पण निवडणूक झाली की पंच बदलतात, इनवर्ड नंबर बदलत नाही.

नाव लागलं म्हणजे काहीही द्यायचं असं नाही. १ एप्रिल २०२६ पासून केंद्राचे नवे घनकचरा नियम लागू आहेत, २०१६ च्या जागी आलेले, त्यात घरीच चार भाग करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी म्हणजे पॅड, डायपर असलं, आणि चौथा वेगळ्या काळजीचा म्हणजे बल्ब, रंगाचे डबे, जुनी औषधं असलं. मासळीची खवलं ओल्यात पण प्लास्टिकच्या पिशवीसकट नाही. दुधाची पिशवी धुवून वाळवून सुक्यात. एमआरएफ शेडमध्ये एकदा जाऊन बघाच, कढी सांडलेल्या पुठ्ठ्याच्या ढिगातून बायका हाताने बाटल्या वेगळ्या काढत असतात, तो पुठ्ठा मग काहीच कामाचा राहत नाही. आणि चवथीनंतर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधलेली चौकट, उतरवली की फळं, कात्रे, नारळ यांच्या तारा आणि प्लास्टिकच्या दोऱ्या आधी सोडवा, एक तार मशीनमध्ये गेली तरी काम थांबतं. चुडती म्हणजे माडाच्या झावळ्या, परसातला पाला कचऱ्याच्या गाडीत देऊ नका, माडाच्या मुळाशी घाला. जाळू तर अजिबात नका, बंदी आहे.

सोसायटीचं वेगळं आहे. दिवसाला १०० किलो किंवा जास्त कचरा, किंवा २०,००० चौरस मीटर बांधलेलं क्षेत्र, किंवा दिवसाला ४०,००० लिटर पाण्याचा वापर, यातलं एक जरी लागू झालं तरी तुम्ही मोठे कचरा निर्माते. हॉटेलं, रिसॉर्टं, मोठ्या शाळा पण त्यात येतात. मग केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी आणि ओला कचरा होईल तेवढा आपल्याच आवारात जिरवायचा. यासाठी सोसायटीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, कमिटीचा ठराव, फ्लॅटची संख्या, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आणि पाण्याची बिलं तयार ठेवा. बिल्डरने प्लॅनमध्ये कंपोस्टची जागा दाखवलेली असते आणि प्रत्यक्षात तिथे पार्किंग असतं, असं असेल तर ते एजीएममध्ये आधी काढा. लहान सोसायटी असेल तर चेअरमनने सगळ्या फ्लॅटचा एकच अर्ज दिला तर पंचायतीलाही सोपं पडतं.

घरी लग्न, मुंज, बारसं असेल आणि १०० पेक्षा जास्त माणसं येणार असतील तर बघा. परवाना असलेला हॉल नसेल, म्हणजे अंगणात किंवा शेतात मंडप घातला असेल, तर तीन कामाचे दिवस आधी पंचायतीला कळवायचं, हे २०१६ च्या नियमांतच आलं होतं पण फार कमी लोक करतात. तारीख, जागा, अंदाजे पानं किती आणि केटरर कोण एवढं लिहून द्या. शनिवार रविवार धरू नका, रविवारचं लग्न असेल तर मंगळवारी अर्ज गेलेला बरा. उष्टं आणि पाण्याच्या बाटल्या वेगळ्या ठेवायची जबाबदारी यजमानाची आहे, केटररची म्हणून सोडू नका, त्याच्याशी आधी बोला.

एवढं करूनही गाडी आली नाही तर पहिलं पत्र सचिवाला, इनवर्ड नंबर घालून. मग गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ, त्यानंतर पंचायत संचालनालय. ग्रामसभा रविवारी असते, प्रश्न लेखी आधी देऊन ठेवा म्हणजे तो मिनिट्समध्ये येतो, नुसतं उठून बोललेलं विरून जातं. तरी हलत नसेल तर १० रुपये भरून माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: कचरा उचलण्यासाठी यादीत किती घरं आहेत, त्यावर वर्षात खर्च किती झाला, आणि साळगाव किंवा काकोड्याला गेलेल्या गाड्यांच्या नोंदींची प्रत. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील बीडीओकडे.