व्याकरणाचे पत्ते

व्याकरणाचे पत्ते : शब्द, प्रत्यय किंवा वाक्याचे तुकडे लिहिलेली कार्डे घेऊन वर्गात खेळायचे खेळ. मराठीच्या वर्गात लिंग, वचन, विभक्ती, सामान्यरूप आणि प्रयोग यांच्या सरावासाठी ते उपयोगी पडतात. नियम बहुधा घरोघरी चालणाऱ्या डावांवरून उचललेले असतात; गुलामचोर, बदाम सात, चॅलेंज हे त्यांतले सोयीचे साचे. सुट्या शब्दांची कार्डे वाचन शिकवतानाही वापरतात, पण तिथे शब्द ओळखला की काम संपते. इथे त्या शब्दाचे दुसऱ्या शब्दाशी नाते जुळल्याशिवाय पान टाकता येत नाही. ज्या खेळात नियम न कळताही जिंकता येते, तो खेळ कितीही रंगला तरी व्याकरणाचा नव्हे.

व्याकरणासाठी कार्डे वापरण्याची पद्धतशीर मांडणी मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या शिक्षणपद्धतीत आढळते. तिच्यात शब्दजातींनुसार वेगवेगळ्या रंगांच्या कार्डांच्या पेट्या आहेत आणि प्रत्येक शब्दजातीला खूण आहे : नामाला काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल वर्तुळ. त्यात हारजीत मात्र नाही. मूल एकटे बसून वाक्य जुळवते. १९३९ मध्ये भारतात आलेल्या माँटेसरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथेच राहिल्या. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी पालघर जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड इथे आसपास मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून साधने करण्याची रीत रुजवली. ते काम बालवाडीचे, व्याकरणाचे नव्हे. तरी जुन्या लग्नपत्रिका कापून पत्त्यांचा संच करणारा शिक्षक त्याच वाटेने जात असतो. पत्रिकेचा कागद जाड असल्याने अक्षर मागून दिसत नाही, हा आणखी एक फायदा.

वचनासाठी गुलामचोर उत्तम. ‘विहीर–विहिरी’, ‘पाखरू–पाखरे’, ‘माळ–माळा’, ‘भिंत–भिंती’ अशा जोड्या पिसून वाटायच्या आणि जुळेल ती जोडी खाली टाकायची. गुलाम म्हणून एकवचन नसलेला शब्द घालावा : ‘कांजिण्या’, ‘डोहाळे’ किंवा ‘हाल’. शेवटी ज्याच्या हाती ‘हाल’ उरतात त्याची वर्गात जी थट्टा होते, तिच्यामुळे तो शब्द नेहमी अनेकवचनी असतो हे वेगळे पाठ करावे लागत नाही. ‘देव–देव’ आणि ‘लाडू–लाडू’ या जोड्या मुद्दाम ठेवाव्यात; दोन्ही पाने सारखी पाहून मुलांना आधी छपाईची चूक वाटते. ‘केळी’ मात्र जपून वापरावे, कारण ते ‘केळ’ या झाडाशीही जुळते आणि ‘केळे’ या फळाशीही. मूल तोंडाने ‘पाखरं’ म्हणाले तर ते बरोबरच धरावे.

बदाम सातच्या धर्तीवर विभक्तीचा डाव मांडता येतो. ‘घोडा’, ‘शाळा’, ‘माळी’, ‘भिंत’ हे चार रंग आणि प्रथमा ते सप्तमी ही प्रत्येकाची सात पाने, म्हणजे एकूण २८. सातांच्या मधोमध चतुर्थी येते. तिथून सुरुवात करून एका बाजूला तृतीया, दुसऱ्या बाजूला पंचमी लावत जायचे. अडचण द्वितीयेची. तिचे आणि चतुर्थीचे ‘घोड्याला’ हे रूप एकच असल्याने नुसत्या रूपावरून पान कुठे लावायचे ते कळत नाही. म्हणून या दोन पानांवर वाक्येच लिहावी लागतात : ‘घोड्याला पाहिले’ आणि ‘घोड्याला चारा दिला’.

सामान्यरूपासाठी नामांचा एक आणि प्रत्ययांचा एक असे दोन गठ्ठे करतात. दोन्हींतून एकेक पान उचलून रूप सांगायचे. बाकीच्यांना चूक वाटली तर त्यांनी ‘चॅलेंज’ म्हणायचे. ‘माळी’ला ‘ला’ लागून ‘माळ्याला’ होते, मग ‘हत्ती’चे ‘हत्त्याला’ का नाही, हा वाद इथे हमखास होतो आणि तो होऊ द्यावा. ‘वीट–विटेला’, ‘विहीर–विहिरीला’ यांत दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते. ते कानाला नीट कळत नाही, म्हणून रूप पाटीवर लिहायला लावावे.

लिंगासाठी ‘तो’, ‘ती’, ‘ते’ असे तीन ढीग पुरतात. ‘वेळ’, ‘बाग’, ‘तंबाखू’ यांना दोन घरे द्यावीत. घरी हिंदी बोलणारी मुले ‘पुस्तक’ सरळ ‘ती’च्या ढिगात टाकतात, कारण हिंदीत ते स्त्रीलिंगी आहे.

प्रयोगाच्या बाबतीत पत्ते फळ्यापेक्षा सरस ठरतात. प्रयोग ओळखायची कसोटीच मुळात शब्द बदलून पाहण्याची आहे आणि पान उचलून दुसरे ठेवणे म्हणजे तेच. ‘ती / चिंच / खाते’ यात ‘ती’च्या जागी ‘तो’ ठेवला की ‘खाते’ उचलून ‘खातो’ ठेवावे लागते : कर्तरी. ‘तिने / चिंच / खाल्ली’ यात ‘तिने’ काढून ‘त्याने’ ठेवले तरी क्रियापद ढिम्म. ‘चिंच’ काढून ‘आंबा’ ठेवला की ‘खाल्ला’ शोधावे लागते : कर्मणी. ‘आईने / मुलाला / उचलले’ यात आईच्या जागी बाबांना आणा, मुलाच्या जागी मुलीला आणा, शेवटचे पान हलत नाही : भावे. ज्याला क्रियापद बदलावे लागले त्याला एक गुण, असा हिशेब ठेवला की मुले कर्ता-कर्माकडे आपोआप पाहू लागतात.

चार ते सहा जणांचा गट बरा. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक धरतात. तेवढ्या वर्गाला पाच-सहा संच आणि प्रत्येक गटात उत्तरांचा तक्ता घेऊन बसलेला एक पंच लागतो. वेगाला गुण दिले तर भरभर वाचणारीच मुले जिंकत राहतात. जुन्या संचातली दुमडलेली पाने पाठीवरूनच ओळखू येतात. अशी पाने वेळीच बदलावीत. पत्ते म्हटले की जुगार आठवणारे पालकही असतात, तेव्हा पाठाच्या टाचणात ‘शब्दकार्डे’ लिहिलेले बरे.

समासाला हे साधन फारसे मानवत नाही. सामासिक शब्द आणि त्याचा विग्रह यांची जोडी लावणे हे निव्वळ पाठांतर होते. शिवाय ‘पीतांबर’ म्हणजे पिवळे वस्त्र असेल तर कर्मधारय आणि ते नेसणारा विष्णू असेल तर बहुव्रीही; सुट्या पानावरच्या शब्दावरून यांतले कोणते ते ठरत नाही, त्याला आजूबाजूचे वाक्य लागते.