डोळा बाहेर आलाय की पापणी वर ओढली गेलीय?

थायरॉईडच्या पेशंटला घरचे विचारतात, "डोळे असे वटारल्यासारखे का दिसायलेत?" यामागं दोन गोष्टी असू शकतात. डोळा खोबणीतून पुढं आलेला असतो, किंवा तो जागेवरच असून वरची पापणी वर ओढली गेलेली असते. पुष्कळदा दोन्ही असतं, पण पापणीची ओढ जास्त जणांत आढळते, म्हणून आधी पापणी बघा.

पेशंटला सरळ समोर बघायला सांगा. एरवी वरची पापणी बुबुळाचा १ ते २ मिमी भाग झाकते. बुबुळाच्या वर पांढरी पट्टी दिसली तर पापणी ओढलेली आहे. मग बोट हळूहळू खाली न्या. नजर बोटासोबत उतरते, पापणी मात्र वरच रेंगाळते.

डोळा पुढं आलाय का, हे समोरून नीट कळत नाही. पेशंटला बसवून मागं उभं राहा आणि कपाळावरून खाली बघा. डोळा किती पुढं आलाय, हे डॉक्टर 'हर्टेल' नावाच्या उपकरणानं मोजतात. दोन डोळ्यांत २ मिमीहून जास्त फरक असला तर तपास हवाच. तुलनेसाठी जुना फोटो सोबत न्या, लग्नातला असला तरी चालेल.

खोबण हाडाची. आतले स्नायू आणि चरबी सुजली की डोळ्याला पुढं सरकण्यावाचून जागा नसते. थायरॉईड आटोक्यात आला की पापणीची ओढ थोडी उतरू शकते. पुढं आलेला डोळा मात्र गोळ्यांनी मागं जात नाही. म्हणून वैतागून गोळ्या सोडू नका. पातळी वरखाली झाली की डोळे आणखी बिघडतात. बिडी-सिगारेट तर आजच बंद करा.

दोन्हींत डोळा उघडा राहून सुकतो. परभणीच्या मे महिन्यातल्या उन्हात, धुळीत तर सकाळी उठल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचते. दिवसा ओलावा देणारे थेंब, रात्री मलम, बाहेर पडताना बाजू झाकणारा गॉगल, झोपताना उशी उंच. स्टिरॉइडचे थेंब मेडिकलवाल्याला विचारून घालू नका. काचबिंदू होऊ शकतो.

ऑपरेशन लागलंच तर सहसा आजार शांत झाल्यावर, आणि क्रमानं: आधी खोबणीत जागा करणं, मग तिरळेपणा, शेवटी पापणी. पहिल्या दोन्हींनी पापणीची जागा बदलते, म्हणून ती आधी शिवून उपयोग नाही.

डोळा फार पुढं आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तो पुढं सरकला नाही तर आतला दाब नजरेच्या नसेवर येऊ शकतो. एकेक डोळा झाकून लाल मिरचीकडं बघा. एका डोळ्याला ती फिकी दिसली किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा.