तांबी

तांबी : गर्भाशयात बसवायचे, तांब्याची तार गुंडाळलेले प्लॅस्टिकचे छोटे गर्भनिरोधक साधन. कागदोपत्री त्याचे नाव ‘कॉपर टी’. ठाणे शहरातील प्रसूतिगृहांपासून मुरबाड-शहापूरच्या उपकेंद्रांपर्यंत बायकांच्या तोंडी मात्र ‘तांबी’च. ‘तांबी बसवली’, ‘तांबी काढली’ एवढ्यावर बोलणे भागते.

या साधनाचे कूळ सांगताना बहुतेक लेखक अरब उंटवाल्यांपासून सुरुवात करतात. लांबच्या प्रवासात उंटीण गाभण राहू नये म्हणून ते तिच्या गर्भाशयात खडे घालत, अशी ही कथा आहे. ती विसाव्या शतकातील पुस्तकांनी एकमेकांवरून उतरवून घेतलेली दिसते, म्हणून तिला आख्यायिकाच मानणे बरे. प्राचीन लेखी पुरावा आहे तो गर्भाशयाबाहेर, योनीत ठेवायच्या द्रव्यांचा. ईजिप्तमधील एबर्स पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितात (इ. स. पू. सु. १५५०) बाभूळवर्गीय झाडाचा भाग, खजूर व मध एकत्र करून त्यात भिजवलेला बोळा ठेवण्याची कृती आहे. आपल्याकडे त्रिमल्लभट्टाच्या ‘बृहद्योगतरंगिणी’ या वैद्यकग्रंथात तेलात बुडवलेल्या सैंधवाचा खडा सांगितला आहे. काही पाश्चात्त्य लेखकांनी हा ग्रंथ आठव्या शतकातला ठरवला. त्रिमल्लभट्टाचा काळ सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मिठाचे तीव्र द्रावण शुक्रजंतूंना मारक असते, तेव्हा ही कृती अगदीच निराधार नव्हती.

गर्भाशयातील साधनाचा विश्वसनीय इतिहास १९०९ मध्ये सुरू होतो. त्या वर्षी रिक्टर या जर्मन डॉक्टरांनी रेशीमकिड्याच्या तंतूचे कडे वापरल्याचे प्रसिद्ध केले. एर्न्स्ट ग्रेफेनबेर्ख यांनी १९२०-३० या दशकात आधी त्याच तंतूचे आणि नंतर चांदीच्या तारेचे कडे बसवले. त्या चांदीत सुमारे २६ टक्के तांबे मिसळलेले होते, असे पुढे आढळले. कड्याला मिळालेल्या यशात या तांब्याचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. तो बराच असावा, असे मानणाऱ्यांच्या बाजूने नंतरचे प्रयोग उभे राहतात. जंतुसंसर्गाच्या भीतीने युरोपातील वैद्यकाने या कड्याकडे पाठ फिरवली. जपानात ओटा यांनी १९३४ मध्ये वेगळे कडे सुचवले होते. पण विषय खऱ्या अर्थाने पुन्हा उघडला तो १९५९ मध्ये, जेरूसलेमहून ओपेनहायमर आणि जपानमधून इशिहामा यांचे अनुकूल अनुभव छापून आल्यावर.

मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये गिरगावात संततिनियमन केंद्र काढले. तेव्हा साधन म्हणजे मुख्यतः गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची रबरी टोपी, पडदा नाहीतर पुरुषाची पिशवी (कंडोम). ठाण्याहून आगगाडीने जाऊन संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर हे केंद्र होते. या कामापायी कर्व्यांनी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी गमावली, हे विसरता कामा नये.

जॅक लिपीस यांनी १९६२ मध्ये पॉलिएथिलिन या प्लॅस्टिकचा, गर्भाशयात बसवायचा ‘लूप’ पुढे आणला. भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात तो १९६५ मध्ये आला, आरंभी मोठ्या उत्साहाने बसवला गेला आणि रक्तस्रावाच्या तक्रारींनी मागे पडला. बसवल्यानंतर त्या बाईची विचारपूस करणारे कोणी नव्हते. दोष साधनापेक्षा या हलगर्जीचा अधिक. लूपचे खरे देणे म्हणजे त्याला जोडलेला नायलॉनचा धागा. ग्रेफेनबेर्खच्या कड्याला असा धागा नव्हता, त्यामुळे ते जागेवर आहे की पडले हे बाईला कळत नसे आणि काढताना डॉक्टरला आत हत्यार घालावे लागे. धाग्यामुळे ती स्वतः बोटाने खात्री करू लागली. या इतिहासात इतकी साधी आणि इतकी मोलाची सुधारणा दुसरी नाही.

‘टी’ आकार हॉवर्ड टेटम यांचा. नुसत्या प्लॅस्टिकच्या टीवर वर्षाला शंभर बायकांत सुमारे १८ गर्भधारणा होत. चिलीतील हाइमे झिपर यांना तांब्याचा गर्भरोधक गुण सशांवरील प्रयोगांत आढळला होता. दोघांनी टीवर ३० चौ. मिमी. तांबे चढवले तेव्हा हे प्रमाण सुमारे ५ वर आणि २०० चौ. मिमी.ला सुमारे १ वर आले. तांब्याचे आयन शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे फलनच होत नाही. सरकारी कार्यक्रमात २००२ पासून ‘३८० ए’ हा, ३८० चौ. मिमी. तांब्याचा प्रकार आला. त्याची मुदत १० वर्षे.

ठाण्यातील तांबीच्या वापराचे आकडे पाहताना एक सावधगिरी हवी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जव्हार-डहाणू आणि मुंब्रा-कळवा एकाच जिल्ह्याच्या बेरजेत होते, त्यामुळे त्याआधीच्या जिल्हा आकड्यांवरून शहराविषयी निष्कर्ष काढू नयेत.

तांबी सरकारी दवाखान्यात विनामूल्य बसवतात. पाळीनंतर धागा हाताला लागतो का ते पाहावे. न लागल्यास सोनोग्राफीने शोध घेतात. काढताना डॉक्टर धागा चिमट्यात धरून हलकेच ओढतात. सहसा भूल द्यावी लागत नाही.