वांशिक विषमप्रमाण, फौजदारी न्यायातील

एखाद्या वंशगटाचा लोकसंख्येतील वाटा आणि अटक, शिक्षा वा तुरुंगवास यांतील त्याचा वाटा यांत पडणारी तफावत. या संज्ञेचा वापर मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांविषयी होतो. तेथील लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ ते १४ टक्के, तर शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांत जवळपास एक-तृतीयांश आहेत.

ही तफावत वंशातील गुन्हेगारीमुळे की न्याययंत्रणेच्या पक्षपातामुळे, या वादाचा आरंभ बहुधा १८९० च्या जनगणनेपासून धरतात. तीतील कैद्यांचे आकडे घेऊन विमा-संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी १८९६ मध्ये गुन्हेगारी हा वंशगुण ठरवला. कृष्णवर्णीयांना क्षुल्लक कारणावरून अटक होते आणि शिक्षाही अधिक लांबीची मिळते, हे समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या पाहणीत दाखवले. त्यांचेच म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. बीज त्याआधीचेही असावे : १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरीला मुभा ठेवली आणि दक्षिणेत कैदी मजूर म्हणून ठेक्याने दिले जाऊ लागले.

खरी अडचण अंश व छेद यांची, म्हणजे कोणाला मोजायचे आणि कशाशी ताडायचे याची आहे. जनगणनेत माणूस स्वतःचा वंश स्वतः सांगतो. अटकेच्या नोंदीत तो पुष्कळदा पोलीस चेहरा पाहून भरतो. ‘हिस्पॅनिक’ (स्पॅनिशभाषक देशांतील मूळ असलेले) हा जनगणनेत वंशाहून वेगळा रकाना होता, अनेक पोलीस नोंदींत तो नव्हताच. शिवाय एका दिवसाच्या कैदी-मोजणीत दीर्घ शिक्षेचे कैदी वर्षानुवर्षे पुन्हा मोजले जातात. त्यामुळे तुरुंगात येणाऱ्यांचे प्रमाण आणि तुरुंगात असलेल्यांचे प्रमाण एक नसते. गुन्हेशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्लमस्टीन यांनी १९८२ मध्ये लोकसंख्येऐवजी अटकेचे आकडे छेद म्हणून घेतले. तुरुंगातील तफावतीचा सुमारे ८० टक्के भाग त्यांतून उलगडला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत मात्र जेमतेम निम्मा. अटकच पक्षपाती असेल, तर हा उलगडाही अपुरा पडतो, हा त्यावरील आक्षेप सार्थ आहे.

कायद्याची भाषा वंशनिरपेक्ष असूनही तफावत वाढू शकते. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला (कोकेनचे ओढण्याजोगे खडे) किमान ५ वर्षे कैद ठरवली. तेवढ्याच कैदेसाठी भुकटीरूप कोकेन ५०० ग्रॅम लागे. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेले बहुतांश कृष्णवर्णीय होते. २०१० मध्ये १००:१ हे गुणोत्तर १८:१ वर आले, समान झाले नाही.

मॅक्लेस्की विरुद्ध केम्प (१९८७) खटल्यात जॉर्जिया राज्यातील खुनाच्या दोन हजारांहून अधिक प्रकरणांचा अभ्यास सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बळी कृष्णवर्णीय असण्याच्या तुलनेत तो श्वेतवर्णीय असल्यास मृत्युदंडाचा संभव ४.३ पट, असा त्याचा निष्कर्ष होता. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी आरोपीचा दावा फेटाळला : त्याच्याच प्रकरणात हेतुपुरस्सर भेदभाव झाल्याचे आकडेवारीवरून सिद्ध होत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम ९५ नुसार अशी माहिती प्रसिद्ध होते.