शिखरमोहिमेच्या वेळापत्रकात ‘विश्रांतीचा दिवस’ आला कुठून?

कोल्हापुरातून लडाखला किंवा नेपाळला शिखरमोहिमेसाठी जाणाऱ्यांची तयारी साधारण सारखीच असते. पहाटे पन्हाळ्याचा चढ, पाठीवर दहा-बारा किलोची सॅक घेऊन जोतिबा, जुलैच्या पावसात पन्हाळा ते पावनखिंड. मग आयोजकांचा पंधरा दिवसांचा कार्यक्रम हातात पडतो. त्यातल्या तीन-चार दिवसांपुढे नुसतेच ‘विश्रांती’ किंवा ‘राखीव’ लिहिलेले असते. रजा मोजून मिळालेली, म्हणून पहिली कात्री तिथेच लागते. या दिवसांमागे दीडशे वर्षांचा हिशेब आहे, आणि त्यात बरीच माणसे गेलेली आहेत.

१८७५ साली फ्रान्समध्ये तिघे जण बलूनमधून आठ हजार मीटरच्या वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या सोबत असूनही दोघे मेले, कारण त्या वापरायची शुद्धच उरली नाही. १८७८ मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी कारण पक्के मांडले. वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, पन्हाळा-जोतिबा हजाराच्या आत. तिथे मांड्या घडतात, उतरताना गुडघे टिकतात. विरळ हवेची सवय मात्र तिथे होत नाही, मग कितीही जोर-बैठका मारा. उलट अंगात रग असलेला गडी पहिल्याच दिवशी पुढे पळतो आणि रात्री डोके धरून बसतो.

भारतापुरता खरा धडा १९६२ च्या चीन युद्धातला. मैदानातले जवान विमानाने थेट लडाखच्या उंचीवर उतरवले गेले आणि डोकेदुखी, उलट्या, छातीत पाणी असे रुग्ण मोठ्या संख्येने आले. छातीतले हे पाणी न्यूमोनियाचे नव्हे, उंचीचे, हे अमेरिकी डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्येच दाखवले होते. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या नोंदी अभ्यासून १९६९ मध्ये निबंध छापला. सकाळी दिल्लीत विमानात बसून दीड तासात ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरणारा आजचा गिर्यारोहक तीच उडी मारत असतो.

नेपाळमध्ये १९७३ साली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन उभी राहिली. एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे इथे डॉक्टर पीटर हॅकेट यांनी २७८ पदयात्रींची पाहणी केली. वाटेच्या सुरुवातीच्या लुक्ला गावापर्यंत विमानाने आलेल्यांना चालत आलेल्यांपेक्षा जास्त त्रास झाला, असे त्यात दिसले. अशा निरीक्षणांतून आजचा नियम घडला: तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढायची. दिवसा त्याहून वर जाऊन आलेले चालते. मोजायची ती झोपण्याची उंची.

लडाखमधल्या सहा हजारी शिखराला हे लावून पाहा. लेहला तीन रात्री, चार हजारावर एक, ४,४०० वर दोन, ४,८०० वर एक, ५,१०० च्या बेस कॅम्पला तीन, खराब हवेसाठी एक, परतीची एक. बारा रात्री झाल्या. कोल्हापूरहून जाणे-येणे धरले की पंधरवडा सरतो. दहा दिवसांत हेच शिखर देऊ म्हणणाऱ्याला प्रत्येक मुक्कामाची उंची लेखी मागावी.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीने दिवस वाचत नाहीत. प्रतिबंधासाठी १२५ मिलिग्रॅम दोनदा, उंचीवर जायच्या आदल्या दिवसापासून, तेही डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावे. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. म्हणून घरी एक-दोन दिवस घेऊन पाहिलेली बरी. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर गोळीवर थांबायचे नाही, रात्र असली तरी खाली उतरवायचे.

राखीव दिवसाचे कारण वेगळे. सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये, पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचा संघ २०१२ मध्ये आणि कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर २०२२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचल्या त्या तारखा मेच्या मध्याच्या आसपासच्या. माथ्यावरचा जोराचा वारा तेव्हा उत्तरेला सरकतो आणि मोजकेच दिवस मिळतात. लहान शिखरांवरही हवेची वाट पाहावीच लागते.

पैसे घेऊन शिखरावर नेण्याची एव्हरेस्टवरची चाल १९८५ मध्ये अमेरिकी उद्योजक डिक बास यांच्या चढाईनंतर रुळली. १० मे १९९६ ला दुपारी परत फिरायची ठरलेली वेळ टळूनही काही जण वर चढत राहिले. वादळात आठ जण गेले. परतीची वेळ आता निघण्याआधीच सांगितली जाते. ती कोण ठरवणार आणि मोडायचा अधिकार कुणालाच नाही ना, हे पैसे भरण्याआधी विचारावे.

राहिला दोराचा सराव. त्याला बर्फ लागत नाही. अँकरपाशी, म्हणजे दोर जिथे पक्का बांधलेला असतो तिथे, आल्यावर आधी मोकळे कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) पुढच्या दोरात अडकवायचे, मग जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) काढून पलीकडे लावायचा. दोन्ही एकदम कधीच सुटे नसावेत. पन्हाळ्याच्या पायथ्याशी जाड हातमोजे घालून हे शंभरदा करावे. वर हातमोजे काढून करणाऱ्यांची बोटे थंडीने जातात. बुटांत पायमोज्यांचे दोन घट्ट जोड घातले, तरी रक्त थांबून पायाच्या बोटांचे तेच होते.